दीड बोटाची फट

भंगारवाल्याकडं तीन होत्या.
पहिली चकचकीत, नुकता रंग मारलेली.
खाजाचाचा कानाशी म्हणाले,
"रंग ताजा है तो शक करना, बाई."
दुसरी माझ्या मापाच्या वर,
टाचा जमिनीला टेकवल्या की दांडा हाडाला टेकायचा.
तिसरी कूलरच्या जाळ्यांमागं,
हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं,
निळ्या रंगाला जागोजाग गंज चाटून गेलेला,
पण सांधे पितळेनं झाळलेले, एकही उकललेला नाही.

नळी नळी नखानं वाजवून पाहिली मी.
दिवसभर बियाणं तपासते.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
आठव्या दिवशी कोंब मोजायचे.
साल बघून दाणा कळत नसतो.

नऊशे म्हणाला, साडेसहाशेला दिली.
जिंतूर रोडनं ढकलत आणली,
दोन्ही चाकांत हवा नव्हती.

"ये रेस की घोडी है," दुकानात चाचा म्हणाले,
"आपको होना सो बकरी."
बरोबरच होतं.
डबा, नमुन्यांच्या पिशव्या, परतीला पीठ नि कोथिंबीर,
रोजचे जाऊन-येऊन नऊ किलोमीटर.
मला कुणाला मागं टाकायचं नव्हतं.

टायर अंगठ्याएवढे बारीक,
सराट्यांना मेजवानी.
जाड घालायचे तर ब्रेकचे हात पुरेनात.
चाचांनी तेलकट डबे उपसले, एक, दोन, पाच,
आणि कुठल्या मेलेल्या सायकलीचे लांब हात काढले.
अगदी काठोकाठ पुरले.

मागचं मोठं चक्र चोवीस दातांचं.
उड्डाणपुलावर माझ्या गुडघ्याला ते मान्य नव्हतं.
अठ्ठावीस लावलं, साखळीत दोन कड्या वाढवल्या.
कॅरियरला भोकंच नव्हती,
शर्यतीत डबा कोण नेतो?
तर नळीला जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून
वरून पट्ट्या आवळल्या.

भांडण झालं ते मडगार्डवरून.
चाचांना ते चाकाला चिकटून हवं, देखणं.
म्हटलं, चाचा, आमच्या लॅबमागं काळी माती आहे.
जुलैत ती चाकाबरोबर वर चढते, मडगार्डात ठासून बसते,
मग सायकल आपल्याला नेत नाही,
आपण तिला खांद्यावर नेतो.
दीड बोटाची फट ठेवा.
"बेकार दिसंगा."
दिसू द्या.

हँडल सरळ करा, असं तर सगळेच म्हणाले,
शेजारचा चहावालासुद्धा.
मी दोन इंच वर उचललं, पण शिंगं ठेवली.
का, ते नीट सांगता येत नाही.
संध्याकाळी वारा तोंडावर येतो
तेव्हा वाकून धरायला एक जागा असते, एवढंच.

आज फाटक पडलेलं. मालगाडी संपता संपेना.
शेजारच्या स्कूटरवरचा माणूस,
मिशा पांढऱ्या, आरशाला हेल्मेट लटकवलेलं,
कधीचा सायकलीकडंच बघत होता.
उतरला. न विचारताच वाकला,
खालच्या नळीवरचा गंज नखानं खरवडला.
पोलादात दोन अक्षरं निघाली: धों. ग.
इतक्या महिन्यांत मला दिसली नव्हती.

"धोंडीराम गव्हाणे," तो म्हणाला. "आंतरविद्यापीठ, एकोणनव्वद."

टायर अंगठ्यानं दाबून पाहिला.
मडगार्डच्या फटीत बोट घालून पाहिलं.
पिशवीतल्या कोथिंबिरीपाशी नजर जरा थांबली.
मी उत्तर तयार ठेवलं होतं.
"मागं किती दात?"
"अठ्ठावीस."
"बरं केलं," म्हणाला,
"मला त्या चोवीसनंच मारलं, औंढ्याच्या चढावर."

फाटक उघडलं. हॉर्न सुरू झाले.
त्याची स्कूटर पटकन चालू होईना.
मी निघाले.
रुळांवरून उतरेपर्यंत
त्याच्या किका ऐकू येत राहिल्या.